पोटात स्टेंट टाकायचा ठरलाय? मग परत काढायची तारीख आधी विचारा

आमच्या एंडोस्कोपी रूमच्या कपाटात एक लांबोडकी वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारीला असते तसली. पेशंटचं नाव, गाव, दोन मोबाइल नंबर, स्टेंट टाकल्याची तारीख निळ्या पेनाने आणि काढायची तारीख लाल पेनाने. वही माझ्या ताब्यात असते. मी डॉक्टर नाही. सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका हॉस्पिटलात १९ वर्षं दुर्बिणीच्या खोलीत सिस्टर आहे. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं दर वेळी तेच प्रश्न विचारतात आणि पेशंटला आत घ्यायच्या घाईत मला चारच मिनिटं मिळतात. त्या चार मिनिटांत जे सांगायचं राहून जातं ते इथं सवडीने लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटपुरतं काही वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐकायचं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्टेंट म्हटलं की लोकांना हृदयातला स्टेंट आठवतो. घरात कुणा ना कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, आणि तो स्टेंट एकदा बसला की जन्मभराचा. मग पोटातलाही तसाच असणार असं धरून माणसं घरी जातात आणि परत फिरकत नाहीत. पोटातला स्टेंट म्हणजे स्वादुपिंडाभोवती साठलेलं पाणी जठरात उतरवायला घातलेली पोकळ नळी. त्यातला धातूचा स्टेंट पाहुणा आहे. त्याला तीन-चार आठवड्यांनी बाहेर काढावंच लागतं.

आता हे पाणी कसलं? स्वादुपिंड, म्हणजे आपण पॅनक्रियाज म्हणतो ते, जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. दारूने, किंवा पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकल्याने ते सुजतं. फार सुजलं की त्याचा पाचक रस बाहेर झिरपतो आणि आसपास साठून राहतो. वॉर्डात सगळे "पोटात पाणी झालंय" म्हणतात, पण लिव्हरच्या पेशंटच्या पोटात होतं ते पाणी वेगळं. तुमच्या रिपोर्टवर दोन नावांपैकी एक शोधा. "स्यूडोसिस्ट" लिहिलं असेल तर आत बहुतेक नुसतं पाणी. "वॉल्ड ऑफ नेक्रोसिस" असेल तर पाण्याबरोबर मेलेल्या स्वादुपिंडाचे आणि चरबीचे लगदे. आम्ही आपसात त्याला "वॉन" म्हणतो, नातेवाइकांना सांगताना "गाळ". पुढे स्टेंट कोणता, किती वेळा आत न्यायचं, खर्च किती, हे सगळं त्या गाळावर ठरतं. सीटीमध्ये गाळ नीट कळत नाही, सगळं एकाच रंगाचं पाणी दिसतं. म्हणून सीटी झालेली असूनही सर एमआरआय किंवा सोनोग्राफीवाली दुर्बीण करायला सांगतात. तो वायफळ खर्च नसतो.

स्यूडोसिस्ट आणि वॉन ही नावं २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातली, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचे प्रकार ठरवायच्या डॉक्टरांच्या यादीतली आहेत आणि आजार सुरू होऊन साधारण चार आठवडे झाल्यावरच ती लावतात. बाहेरच्या बाकड्यावर सगळ्यात जास्त भांडणं या चार आठवड्यांवरून होतात. "सिस्टर, एवढं मोठं पाणी दिसतंय फोटोत, मग काढत का न्हाईत? बिल वाढवताय काय?" मी त्यांना विचारते, घराचा स्लॅब पडला की सेंट्रिंग दुसऱ्या दिवशी काढता काय ओ? पाण्याभोवती शरीर स्वतःच एक भिंत बांधत असतं. सुरुवातीला ती ओली, कच्ची असते. तिला भोक पाडून स्टेंट अडकवला तर तो धरणार कशाला? पाणी पोटभर पसरेल. महिन्याभरात भिंत जाड होते, जठराच्या मागच्या बाजूला चिकटते, मग तिथून वाट काढता येते. शिवाय बऱ्याच जणांचं पाणी या काळात आपोआप जिरतं. नुसतं मोठं आहे म्हणून काढत नाहीत. दुखत असेल, जठर दाबून उलट्या होत असतील, पित्ताची नळी दाबून कावीळ झाली असेल किंवा पाण्यात जंतू झाले असतील, तरच काढतात.

जंतू झाले तरी घाई नसते, हे तर लोकांना अजिबात पटत नाही. २०२१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. अशा जंतू झालेल्या पेशंटपैकी एका गटाचं पाणी लगेच काढलं, दुसऱ्या गटाला अँटिबायोटिक देऊन भिंत पक्की होईपर्यंत थांबवलं. थांबलेल्यांचं काही जास्त बिघडलं नाही. उलट त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांचं अँटिबायोटिकवरच भागलं, पाणी काढावंच लागलं नाही. आमचे सर हे राउंडला हमखास सांगतात. पेशंट फारच खालावला, ताप-बीपी आवरेना, तर मात्र चार आठवडे मोजत बसत नाहीत. तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटीवर बघून पोटाच्या बाहेरून नळी टाकतात.

चार आठवडे मोजायचे तर सुरुवात कुठून हे कळायला हवं. "दिवाळीच्या आसपास दुखायला लागलं" एवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा कळ आली तो दिवस, पहिल्यांदा ॲडमिट केलं ती तारीख, एका कागदावर लिहून आणा. जुने सगळे सीटी आणा, नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीसुद्धा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गोळीचं पाकीटच आणा. "हार्टची एक पांढरी गोळी घेतोय" यातून कुणालाच काही कळत नाही, आणि ती गोळी किती दिवस आधी बंद करायची, करायची की नाही, हे हार्टच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं लागतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पेशंटला कधीच स्वादुपिंडाची सूज आली नव्हती, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक ही पाण्याची गाठ दिसली, असं असेल तर ते ठासून सांगा. काही गाठी पाण्याच्या दिसतात पण असतात वेगळ्या, त्यात स्टेंट घालायचा नसतो.

आणखी एक. स्टेंटच्या आधी रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी का, म्हणून कुरकुर करू नका. स्वादुपिंडातून झिरपलेला रस जवळच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती खातो आणि एखादी वाहिनी फुग्यासारखी फुगते. ती फुगी न बघता पाणी काढलं तर रक्ताचा पाट वाहतो. फुगी दिसली की आधी रेडिओलॉजीवाले मांडीच्या किंवा हाताच्या शिरेतून जाऊन ती कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, घालून बंद करतात, मग आमचा नंबर.

ज्या दिवशी टाकायचा त्या दिवसाचं सांगते. आदल्या दिवशी पातळच द्या, आणि उपाशी म्हणजे उपाशी. पाण्याने जठर दाबलेलं असतं, काल खाल्लेलं आज तिथंच असतं. एकदा एका आजीने नातवाला पहाटे "नुस्ती वाटीभर पेज" दिली होती. आम्ही विचारलं तेव्हा आजी नाही म्हणाल्या, नातू गप्प. भूल द्यायच्या आधी त्यालाच राहवलं नाही आणि बोलला म्हणून वाचला. चहा दिला असेल तर चहा दिला म्हणून सांगा, कुणी रागावत नाही, केस दुपारी घेतात. बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन घशात नळी घालतात. दुर्बिणीला एवढं कशाला, असं लोक विचारतात. भोक पडलं की लिटरभर पाणी एका दमात जठरात येतं, ते फुप्फुसात उतरू नये म्हणून. रक्ताची पिशवी राखून ठेवायला सांगतील, ती ठेवा, बहुधा लागत नाही. संमतीपत्रावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भोक पडणं, स्टेंट सरकणं असं सगळं लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी एकाने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका. विचारायचं असेल ते तिथंच विचारा.

आत काय होतं? खोलीत अंधार, स्क्रीन तेवढी उजळ. सरांच्या हातातल्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. जठराच्या भिंतीला टेकवली की पलीकडचं पाणी काळंभोर दिसतं, आणि गाळ असला तर त्यात राखाडी ढग तरंगताना दिसतात. मग रंगीत डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावून मधे रक्तवाहिनी नाही ना ते बघायचं, जठर आणि पाणी यांच्यातलं अंतर एक सेंटिमीटरच्या आत आहे ना ते मोजायचं. अशा दुर्बिणीतून बघत पाणी काढल्याचं जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी १९९२ साली पहिल्यांदा छापलं. त्याआधी दुर्बिणीने करायचं तर जठराला बाहेरून आलेला फुगवटा बघून अंदाजाने भोक पाडायचे, नाहीतर पोट उघडून ऑपरेशन.

प्लास्टिकचा स्टेंट असला तर १९ नंबरची सुई आत जाते, सुईतून गाइडवायर, म्हणजे वाट धरून ठेवणारी बारीक तार, आणि वायरची दोन-तीन वेटोळी त्या पाण्यात पडू द्यायची. मग बारीक फुग्याने वाट रुंद करून एकामागून एक दोन स्टेंट, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी गोल वळलेले, म्हणजे ते इकडे सरकत नाहीत की तिकडे. जाडी १० फ्रेंच, आपल्या मापात साडेतीन मिलिमीटरच्याही आत. या सगळ्या वेळात वायर माझ्या हातात असते. सर पुढे ढकलतात तेवढंच मी मागे धरायचं, ताण ना कमी ना जास्त. वायर निसटली तर भोक पडलेलं पण वाट हरवलेली, अशी गत होते. माझ्या हातून एकदा निसटली आहे, सुरुवातीच्या वर्षांत. सरांनी पुन्हा सुई घातली, काही बिघडलं नाही. पण त्या रात्री मी जेवले नव्हते.

धातूचा स्टेंट डमरूसारखा असतो. मधे अरुंद, दोन्हीकडे पसरट चकत्या. एक चकती पाण्याच्या बाजूला उघडते, दुसरी जठरात, आणि दोन्ही भिंती कपड्यांच्या चिमट्यासारख्या एकमेकींना दाबून धरल्या जातात. मधलं भोक १०, १५ किंवा २० मिलिमीटरचं. नव्या प्रकारात टोकालाच करंट असतो, त्यामुळे सुई-वायर-फुगा हा खटाटोप वाचतो आणि काही मिनिटांत काम होतं. दुसरी चकती उघडली की क्षणभर काहीच दिसत नाही. मग एकदम स्क्रीन भरून जाते. कधी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कधी चॉकलेटी, कधी घट्ट पिवळा पू. त्या पुवाचा वास असा असतो की आम्ही मास्कला आतून बाम लावून ठेवतो. सक्शनची बाटली भरते, बदलायची, परत भरते. थोडं पाणी तपासणीला बाजूला ठेवतो, कोणते जंतू आहेत आणि अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातला एक घटक, किती हे बघायला. मागे एकदा बाहेर येऊन बाटली दाखवली तर एक मामा म्हणाले, "आयला, निम्मी कळशी की ओ ही!"

"सिस्टर, भारीतला टाकायला सांगा सरांना." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. नुसतं पाणी असेल तर प्लास्टिकचे दोन स्टेंट तेवढंच काम करतात आणि धातूच्या मानाने फारच स्वस्त पडतात. धातूचा हवा असतो तो गाळाला, कारण त्याच्या भोकातून अख्खी दुर्बीण आत शिरते. किंमत अनेक पटींनी जास्त असते, म्हणून आदल्या दिवशीच विचारून घ्या: कोणता टाकणार, बिल किती, योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये यातलं काय बसतं, आणि गाळ काढायला पुन्हा आत न्यावं लागलं तर त्याचे वेगळे किती. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग डिस्चार्जच्या दिवशी कॅश काउंटरवर आवाज चढतात.

गाळ काढणं हे वेगळंच प्रकरण आहे. स्टेंट टाकल्यावर बऱ्याच जणांना पाणी निघून गेल्यानेच बरं वाटतं, गाळ आपोआप झडत राहतो. ताप राहिला तर मात्र दोन-चार दिवसांनी पुन्हा आत घेतात. स्टेंटमधून दुर्बीण पलीकडे जाते आणि फासा नाहीतर जाळी घालून तो लगदा तुकड्या-तुकड्याने ओढून जठरात सोडायचा. दिसायला भिजलेल्या कापसासारखा, करडा-पिवळा, आणि चिवट इतका की एका तुकड्याला दहा मिनिटं लागतात. एका वेळेत सगळा निघत नाही, निघावा असा हट्टही धरायचा नसतो, कारण ओढता ओढता रक्तवाहिनी फाटू शकते. कुणाला एकदा न्यावं लागतं, कुणाला पाच वेळा. पुन्हा आत नेलं म्हणजे आधीचं फसलं असं समजून वॉर्डात रडारड करू नका, पेशंट बघत असतो. पाणी खाली ओटीपोटापर्यंत उतरलं असेल तर जठरातल्या स्टेंटने ते पूर्ण निघत नाही, मग बाहेरून एक नळीही लागते. ती नळी रोज सलाइनने धुवायची असते. घरी सोडत असतील तर सिस्टरकडून स्वतःच्या हाताने एकदा करून शिका, नुसतं बघून नको.

घरी गेल्यावर एका गोळीकडे लक्ष ठेवा. आपल्याकडे कुठलंही औषध लिहिलं की सोबत सकाळी उपाशीपोटी एक ॲसिडिटीची गोळी असतेच. गाळ असेल आणि धातूचा स्टेंट असेल तर बरेच डॉक्टर ती मुद्दाम बंद करतात, कारण जठरातलं आम्ल त्या वाटेने आत जाऊन गाळ विरघळायला मदत करतं. गावातल्या डॉक्टरांनी सवयीने परत चालू केली तर डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा. खाणं थोडं थोडं, तेलकट कमी. दारू बंद, आणि बंद म्हणजे "नुसती बिअर" सुद्धा बंद. थंडी वाजून ताप आला, रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, उभं राहिल्यावर अंधारी आली, यातलं काहीही झालं तर रात्र आहे, पाऊस आहे, उद्या रविवार आहे, काही बघू नका. निघा.

आता लाल पेनाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातला एक ऊसतोड करणारा पेशंट होता, पस्तिशीचा. धातूचा स्टेंट टाकला, आठ दिवसांत भूक लागायला लागली, बायकोने डब्यातून आणलेली भाकरी त्याने कुस्करून खाल्ली तेव्हा मीच बघायला होते. घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर आमच्याकडून इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, तीन आठवड्यांनी फॉलोअप, रिमूव्हल. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, पण डिस्चार्जच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं किती डोक्यात राहतं? त्याला बरं वाटत होतं, हंगाम सुरू झाला, टोळीबरोबर नवरा-बायको कारखान्यावर गेले. फोन बंद. पाच महिन्यांनी आला तो काळं शौचाला होऊन, पांढराफटक पडलेला.

असं का होतं ते समजून घ्या. पाणी निघून गेलं की ती पोकळी आक्रसते, मागची भिंत पुढे येते आणि स्टेंटच्या आतल्या चकतीवर घासायला लागते. त्या मागच्या भिंतीतच प्लीहेकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. शिवाय स्टेंटवर मांस चढून तो गाडला जातो. अमेरिकेत फ्लोरिडातले डॉक्टर धातू आणि प्लास्टिकच्या स्टेंटची तुलना करत होते, तेव्हा त्यांना हेच दिसलं: तीन आठवड्यांनंतरही ठेवलेल्या धातूच्या स्टेंटमधून रक्तस्राव, स्टेंट गाडला जाणं. मग अभ्यास चालू असतानाच त्यांनी नियम बदलला, तीन आठवड्यांनी सीटी करायची आणि पाणी गेलं असेल तर स्टेंट काढायचा. आमच्या त्या पेशंटची रक्तवाहिनी रेडिओलॉजीत बंद केली, चार पिशव्या रक्त चढवलं, आणि गाडला गेलेला स्टेंट सोडवायला सरांना दीड तास लागला. जगला तो. पण चूक त्याची होती असं मला आजही म्हणवत नाही.

तेव्हापासून आमच्या कार्डावर मराठीत शिक्का असतो: "पोटात स्टेंट आहे. या तारखेला काढायचा आहे." तुमच्या कार्डावर असं नसेल तर लिहून मागा, आणि ती तारीख घरच्या कॅलेंडरवर घाला. दोन मोबाइल नंबर देताना दुसरा अशाचा द्या जो गावातच असतो, नंबर बदलत नाही. दुकानदार, मास्तर, आशाताई, कोणीही. नवरा-बायकोचे दोन नंबर देऊन उपयोग नसतो, ती दोघं एकाच उसाच्या फडात असतात.

प्लास्टिकच्या स्टेंटचं गणित वेगळं. कधीकधी आजारात स्वादुपिंडाची मुख्य नळी मधोमध तुटते. शेपटीकडचा भाग जिवंत असतो, रस करतच राहतो, आणि त्या रसाला जायला वाट नसते. ते एमआरआयमध्ये बघतात. अशा वेळी धातूचा काढताना त्याच जागी प्लास्टिकचे घालून मुद्दाम खूप काळ ठेवतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हा काढायचा आहे की ठेवायचा आहे? जे सांगतील ते लिहून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने एक्सरेत बघून "हे काय?" विचारलं तर उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

पित्ताचे खडे कारण असेल तर पाणी गेल्यावर पित्ताशयाचं ऑपरेशन उरतंच, ते टाळू नका. साखर अधूनमधून तपासा. शौचाला तेलकट, तरंगणारं होत असेल तर सांगा, जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवण सुरू करताना घ्यायच्या असतात, जेवून हात धुतल्यावर नाही.

काढायचं काम सोपं. आधी सीटी, मग थोडी गुंगी, चिमट्याने धरायचा आणि हळू ओढायचा. वेळेवर आलेल्याचा पाच-दहा मिनिटांत निघतो, ट्रेमध्ये पडताना टण्ण वाजतो. भोक आपोआप बुजतं. काही जण तो घरी न्यायला मागतात, एवढे पैसे मोजलेत म्हणून. देता येत नाही, तो निळ्या खुणेच्या कचऱ्यात जातो, तसा नियम आहे. मोबाइलवर फोटो काढू देते. तेवढ्यात मी वही उघडून लाल तारखेवर रेघ मारून घेते.